आईची कात्री, माझे स्पंज

३ मार्च

प्रिय ताई,

"धाकटीला कुठेही फेका, रुजेल. थोरलीला मात्र कुंडीसकट हलवावं लागेल."

आई हे म्हणाली तेव्हा मी शाळेत शिकत होते आणि तू कटिंगच्या टेबलावर वाकून कुणाच्या तरी शर्टाची कॉलर कापत होतीस. मी खूश झाले होते. तू मान वर केली नव्हतीस. परवा तू फोनवर सांगितलंस की आपली बिल्डिंग पाडणार आहेत, मेच्या मध्यापर्यंत घर रिकामं करायचंय. मी "मग?" म्हटलं तर "बघू" म्हणालीस आणि फोन ठेवलास. तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यात फिरतंय. कुंडीच फुटणार म्हटल्यावर थोरलीचं काय?

म्हणून हे पत्र. फोनवर आपण लगेच भांडतो. पत्रात भांडायचं तर बोट येईपर्यंत थांबावं लागतं, तोवर निम्मा राग उतरतो.

तर ऐक. माझ्याकडे ये. बेटावरच्या सागरी केंद्रातली माझी खोली लहान आहे, पण खिडकीतून समुद्र दिसतो आणि दुसरी खाट मावते. नाही म्हणायच्या आधी मी सध्या काय करतेय ते ऐकून घे.

गेल्या महिन्यात मोठं वादळ झालं. इथल्या प्रवाळावर दोरखंडासारखे लांब, जांभळे स्पंज आहेत. वादळानं त्यांची दाणादाण उडवली. पाण्यात उतरले तर सगळीकडे तुकडेच तुकडे. मला रडूच यायला लागलं, आणि पाण्याच्या चष्म्यात रडणं फार गैरसोयीचं असतं. वर आले तर आमच्या मोठ्या बाई, म्हणजे केंद्रप्रमुख, निवांत चहा पीत बसलेल्या. म्हणाल्या, "रडतेस काय? पेरणी झालीय." आणि खरंच तसं आहे ग! या स्पंजाला डोकं नाही, हृदय नाही, पोट नाही. सगळं अंग सगळीकडे सारखंच. तुकडा तुटला की त्या तुकड्यात अख्खा स्पंज असतो. वाळूत गाडला गेला किंवा लाटांनी लोळवत ठेवला तर मरतो. पण कुठे दगडाला टेकायला मिळालं, थोडे दिवस स्थिर राहिला, की कापलेली बाजू भरून येते, तळाशी चिकटतो आणि वाढायला लागतो. बाई म्हणतात, पश्चिमेच्या उतारावरचे निम्मे स्पंज म्हणजे कधीकाळचा एकच स्पंज आहे. एकच बाई सगळ्या आळीभर पसरलीय म्हणेनास!

आमचं काम एवढंच की तुकडे गोळा करायचे, फरशीच्या तुकड्यांवर दोऱ्यानं बांधायचे आणि धक्क्याजवळच्या उथळ पाण्यात ठेवायचे. एकच पथ्य: हवेत काढायचे नाहीत. त्यांच्या अंगभर बारीक नळ्या असतात, त्यांत हवा शिरली की खेळ संपला. म्हणून मोजमापसुद्धा टबात, पाण्याखालीच. मापाला मी आईचा पिवळा टेप वापरते. मी घर सोडलं तेव्हा चुकून माझ्या बॅगेत आला होता ना, तोच. सुरुवातीचे आकडे पुसलेत, पण मला पाठ आहेत.

सांगायचं काय, तर तुटण्याला एवढं घाबरू नकोस. स्पंजासारखा विचार कर. आणि आईची कात्री तेवढी सामानात नीट गुंडाळून ठेव, माझी शपथ.

तुझी,
धाकटी

*

१४ मार्च

शेपटास,

(लहानपणी माझ्या मागे मागे फिरायचीस म्हणून पडलेलं हे नाव तू पत्राखाली सही करताना सोयिस्करपणे विसरतेस. मी विसरत नाही.)

पत्र मिळालं. स्पंजासारखा विचार करायला सांगतेस आणि त्याच पत्रात लिहितेस की त्याला डोकं नाही. विचार कशानं करू? शिवाय त्याला पोट नाही म्हणून तो कुठेही राहतो. मला पोट आहे, गुडघे आहेत, आणि शेजारी समुद्र घोंघावत असला की मला झोप येत नाही. तुझी दुसरी खाट तुला लखलाभ.

तुकड्यांचं म्हणशील तर मला पाल माहीत आहे. पालीची शेपूट तुटली की पालीला नवी शेपूट येते. शेपटाला नवी पाल आलेली मी तरी पाहिली नाही. बघ बाई, तुझं तू.

इकडे आवराआवर चालू आहे. भिंतीतली कपाटं उघडली तर आईनं जपलेल्या कापडाच्या चिंध्यांची पोती निघाली. एकेक चिंधी ओळखता येते, हाच वैताग. ही डॉक्टरीणबाईंच्या पडद्याची, ही तुझ्या शाळेच्या गणवेशाची, ही त्या नवरीची जिनं लग्नाच्या आदल्या दिवशी गळा बदलायला लावला. मी दोन दिवस नुसती बसून होते. मग टाचणी आली. (आईच्या शिवणवर्गातली ती काडीसारखी मुलगी. आता तिला दोन मुलं आहेत आणि ती काडी राहिलेली नाही, पण नाव राहिलं.) तिनं एक पोतं उचललं, म्हणाली, "मावशी, गोधड्या करते," आणि गेली.

कटिंगचं टेबल चष्मेवालीला दिलं. तीच, जिला सुईत दोरा ओवायला पाच मिनिटं लागायची. बसथांब्यासमोर दुकान घेतलंय तिनं. दोन हमाल आणि तिचा नवरा मिळून टेबल खाली नेत होते, दुसऱ्या मजल्यावर अडकलं. एक पाय काढावा लागला. दुसरी मशीन वर्गातल्या त्या सदा धावपळीतल्या घाईघाईला दिली. आरसा तळमजल्यावरच्या आजोबांनी मागितला. म्हणाले, पुढच्या घरी तरी स्वतःला पूर्ण बघू दे.

तुझ्या वाटणीचं काही हवं असेल तर कळव. कात्री सोडून.

ताई

*

२७ मार्च

ताई,

टेबल दिलंस?

मला न विचारता टेबल दिलंस, आणि वर हमालांचा विनोद सांगतेस. त्या टेबलाखाली मी अभ्यास केला, ताप आला की झोपले, तुम्ही दोघी वर कापत असायचात आणि माझ्या अंगावर कापडाचे तुकडे पडायचे. त्याच्या आतल्या बाजूला खडूनं मी माझं नाव लिहिलं होतं, ते तुला माहीतसुद्धा नसेल. त्याचा पाय कापला?

काढला म्हणालीस. बरं, काढला. एकच.

तू दुःखात आहेस हे मला कळतंय. आईला जाऊन दोन वर्षंसुद्धा झाली नाहीत आणि आता घर चाललंय. माणूस अशा वेळी काहीतरी करून टाकतो आणि मग पस्तावतो. म्हणून हात जोडून सांगते, आता आणखी काही देऊ नकोस. सगळं कुठेतरी एका खोलीत रचून ठेव. मोठ्या बाईंच्या ओळखीच्या एकांचं गोदाम आहे, तिथे ठेवता येईल. तू नवीन घर घेशील तेव्हा तिथे सगळं जसंच्या तसं मांडू. टेबल खिडकीपाशी, मशीन दाराशी, आरसा समोर. आई असताना होतं तसं.

नाहीतर मी सुट्टीला कुठे येऊ? चष्मेवालीच्या दुकानात?

माझे तुकडेही धड नाहीत. फरशीला धरतच नाहीयेत. मी रोज सकाळी खाली जाते, दोरा सैल करून, हळूच उचलून बघते. चिकटला असेल असं वाटतं आणि तो हातात येतो. परत बांधते. काही करडे पडायला लागलेत. मोठ्या बाई काल म्हणाल्या, "तू त्यांना भेटायला जातेस की उपटायला?" त्यांना चेष्टा सुचते. त्यांचं टेबल कुणी नेलेलं नाही.

उत्तर लगेच लिही. आणि तोवर काही देऊ नकोस.

धाकटी

*

८ एप्रिल

शेपटा, वेडे,

आधी पाणी पी. खारं नव्हे.

तुझं पत्र आलं तेव्हा मी हसले. पहिल्या पत्रात तुटण्याला घाबरू नकोस म्हणून मला शिकवलंस, आणि दुसऱ्यात एका टेबलाचा पाय निघाला तर घाबरून गोदाम शोधलंस. तुझ्या स्पंजाला जे चालतं ते आईच्या टेबलाला का चालू नये?

तू घरात होतीस, पण शिवणवर्गात कधी बसली नाहीस, म्हणून तुला काही गोष्टी माहीत नाहीत. आपल्या घरी कायम एक खुर्ची कमी असायची, आठवतं? कुणी आलं की तू जमिनीवर. तुला वाटायचं आई कंजूष आहे. तसं नव्हतं. वर्गातली एखादी मुलगी शिकून बाहेर पडली, स्वतःचं काम सुरू करायला निघाली, की आई तिला घरातली एक वस्तू द्यायची. नवी नाही, दुकानातून आणलेली नाही. त्या दिवशी वापरात असलेली. बसल्या जागची खुर्ची, इस्त्री, बॉबिनचा डबा. मी एकदा वैतागून म्हटलं, "अगं, आपलं काम अडतं ना!" तर म्हणाली, "अडू दे. आपलं थोडं अडल्याशिवाय तिचं चालू होत नाही." आणि मग महिनाभर शेजारची इस्त्री मागून आणायची.

परवा मी नुसती फिरायला म्हणून बाजारापर्यंत गेले. टाचणीकडे डोकावले, घाईघाईकडे, त्या नाक्यावरच्या दोघी बहिणींकडे. कुणाकडे आपली खुर्ची, कुणाकडे आपला दिवा. आणि एक गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा लक्षात आली. सगळ्याजणी टाचण्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यात धरतात. अगदी आईसारख्या, आणि टाचण्या तोंडात ठेवूनच गिऱ्हाइकाला ओरडतात. घाईघाईच्या हाताखालची एक नवी पोरगी आहे, तिनं आईला कधी पाहिलेलंसुद्धा नाही, तीही डावीकडेच धरते. मी रस्त्यात उभी राहून हसत होते. लोकांना वाटलं असेल, बिल्डिंग पडायच्या आधीच हिचं डोकं पडलं.

तर टेबल मी दुःखात दिलेलं नाही. वेळ आली म्हणून दिलं.

आता दुसरी गोष्ट. तुला सांगणार नव्हते, कारण ठरायचं होतं. चष्मेवालीच्या दुकानामागे दोन खोल्या आहेत. त्या मी घेतल्यात. दुकानात अर्धं काम तिचं, अर्धं माझं. म्हणजे टेबल कुठे गेलं नाही. माझ्या आधी पोचलं, एवढंच. पाय परत बसवलाय. खाली वाकून बघितलं, तुझं नाव आहे. त्याच्या शेजारी एक चित्र पण आहे, ते माझं असावं. नाक बरोबर काढलंयस.

आणि तिसरी. तो पिवळा टेप.

चुकून आला म्हणतेस? तू गेल्यावर पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, "टेप माझ्या बॅगेत आलाय, परत पाठवू का?" मी आईला वाचून दाखवलं. ती हसायला लागली. म्हणाली, "केवढी शिकली आणि एवढं कळेना." तू निघालीस त्या सकाळी मी एकीचं माप घ्यायला टेप शोधत होते. आईच्या गळ्यात कायम असायचा, तेव्हा नव्हता. मी विचारलं तर मला म्हणाली, "आज सुतळीनं घे." ते गिऱ्हाईक काय काय बोललं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

मला वाटायचं तुला एव्हाना कळलं असेल. तुझं पत्र वाचल्यावर लक्षात आलं, नाही कळलेलं.

आता तुझ्या तुकड्यांबद्दल. मला त्यातलं काही कळत नाही, पण तू मला कळतेस. लहानपणी गुडघा फुटला की बरं झालं का ते बघायला रोज खपली काढायचीस. म्हणून तुझा डावा गुडघा अजून तसा आहे. हात बांधून बस.

कात्री माझ्याजवळच आहे. टेबल एकीला, मशीन दुसरीला देता येते. कात्रीचे दोन भाग केले तर दोन कात्र्या होत नाहीत. तेव्हा मागू नकोस.

ताई

*

६ मे

शेपटास,

दोनदा बोट आली असेल, पत्र नाही. बोट बुडाली की तू रुसलीस? बोट बुडाली असल्यास ताबडतोब कळव.

घराची किल्ली काल दिली. निघताना खिडकी लावायला परत वर गेले, मग आठवलं की खिडकीच पाडणार आहेत. तरी लावली. चष्मेवाली खाली रिक्षात ओरडत होती, "मावशी, चला, मीटर पडतोय!" तोंडात टाचण्या नसताना प्रथमच तिचं बोलणं नीट ऐकू आलं.

इथे पहिल्या रात्री छान झोप लागली. कुंडी नव्हती बरं का.

नवा पत्ता पाठीमागे लिहिलाय. टेबलाखाली गादी मावते, हे मी मोजून बघितलं. सुतळीनं.

ताई

*

१९ मे

प्रिय ताई,

बोट बुडाली नाही. मीही रुसले नव्हते. तुझं टेपचं पत्र वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. तीनदा सुरुवात केली, तिन्ही कागद गेले.

तुला एक सांगते, हसू नकोस. इतकी वर्षं मी सगळ्यांना हसत हसत सांगत आले की मी घरातून तुटून निघाले. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर गेले, ही सहावी जागा. लोक विचारायचे, घर कुठे? मी म्हणायचे, समुद्र. केवढं छान वाटायचं म्हणताना! पण कुठल्याच खोलीत मी भिंतीला खिळा ठोकला नाही. वाटायचं, ताई आहे ना, आईचं घर आहे ना, तिथे सगळं जागच्या जागी आहे, तोवर मला कुठे रुजायची घाई नाही. मग तू टेबल दिलंस आणि माझ्या पायाखालची वाळू सरकली. तुझ्या दुःखाची काळजी म्हणून जे काही मी लिहिलं, ते सगळं माझंच होतं ग.

आणि त्या टेपनं मी रोज मापं घेत होते. वर्षानुवर्षं. पाण्याखाली, डोळ्यांसमोर धरून. चुकून आलाय म्हणून.

मी तुटले नव्हते. मला कापून लावलं होतं. फरक कळायला स्पंजाच्या बाईला एवढा वेळ लागला, हे मोठ्या बाईंना सांगू नकोस.

तू म्हणालीस म्हणून हात बांधून बसले. खोटं बोलत नाही. मोठ्या बाईंना सांगून पाण्याचा चष्मा त्यांच्या कपाटात ठेवला आणि किल्ली त्यांच्याकडे दिली. मी धक्क्यावर येरझाऱ्या घालायचे, त्या वरून ओरडायच्या, "अजून नाही!" गेल्या सोमवारी त्यांनी स्वतःच किल्ली आणून दिली. खाली गेले. करडे पडलेले काही गेले, ते गेलेच. पण बाकीच्यांचे दोरे मी कापले तरी तुकडे हलले नाहीत. एकाला बोटानं जरासं ढकललं (जरासंच, ओरडू नकोस), घट्ट. तळाशी फरशीवर पसरलाय, आणि फरशीच्या फटीत अडकलेले दोन खडेसुद्धा त्यानं कवटाळून धरलेत. एका फरशीवर मी एकाच स्पंजाचे दोन तुकडे शेजारी शेजारी बांधले होते, जागा कमी होती म्हणून. ते एक झालेत. सांधा कुठे होता ते शोधूनही सापडत नाही. वेगळ्या स्पंजांचे असते तर असे मिसळले नसते, अंतर राखून राहिले असते. आपलं कोण ते त्यांना कळतं. डोकं नाही तरी.

आणखी एक. माझ्याबरोबर काम करणारी एकजण दुसऱ्या प्रवाळावर निघालीय, तिथे एकटीनं असंच काम सुरू करणार आहे. परवा ती बॅग भरत होती. मी टेप द्यायला गेले होते. दारापर्यंत गेले आणि परत आले. तेवढी मोठी मी अजून झालेली नाही. मग माझं स्टूल दिलं, खोलीतलं एकुलतं एक. ती म्हणाली, "अगं, तू कशावर बसशील?" मी म्हटलं, "अडू दे." सध्या उभ्यानं जेवते. फार बरं वाटतं, पाय दुखतात तेवढं सोडून.

भिंतीला एक खिळा ठोकलाय. टेप त्यावर टांगते.

सुट्टीत येईन. टेबलाखाली झोपीन. चष्मेवालीला सांग, तुकडे वरून पडू देत.

पण त्याआधी एक मागणं आहे. नाही म्हणणार हे मला माहीत आहे, तरी मागते. पुढच्या महिन्यात आम्हाला नवे तुकडे करायचेत, या वेळी वादळाची वाट न बघता, आपल्या हातानं. इथल्या सुऱ्या बोथट आहेत, कापण्याऐवजी चिरडतात, आणि चिरडलेली बाजू लवकर भरून येत नाही. स्वच्छ, एका झटक्यात काप लागतो. तसा काप मी जगात एकाच कात्रीचा पाहिलाय. तू ये. चार दिवस. रात्री कानात कापूस घाल, समुद्राला मी समजावते. धक्क्याच्या पायरीवर बस, पाय पाण्यात सोड, मी तुझ्या हाताखाली स्पंज धरते. पाण्याखालीच, हवेत न काढता. पहिला काप तू दे, दुसरा मी. नंतर लगेच गोड्या पाण्यानं धुऊ, कोरडी करू, मशीनचं तेल मीच लावीन, गंजाचा एक ठिपका दिसला तर मला समुद्रात ढकल.

तुझं उत्तर मला इथपर्यंत ऐकू येतंय. टाचण्या डाव्या कोपऱ्यात धरून, आईच्याच आवाजात: "कापडाशिवाय त्या कात्रीनं काही कापायचं नाही. कागदसुद्धा नाही!"

बरोबर आहे, ताई. तरी विचारते. येशील कात्री घेऊन?

तुझं,
शेपूट